तोफ उडाली, आता घ्यायची का?

दौलताबादचा किल्ला पाहिला नाही असा विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरात शोधूनच काढावा लागेल. शाळेची सहल निघाली की पहिला मान बहुधा त्याचाच. त्या किल्ल्यावर, अंधारीत शिरण्यापूर्वी, चिनी महालाजवळच्या बुरुजावर एक भली थोरली तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे मुंडके घडवलेले असल्याने तिला 'मेंढा तोफ' म्हणतात. तोफेभोवती मुले जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिचा गोळा किती लांब जात असेल? मग कोणी एक आकडा सांगतो, कोणी त्याहून मोठा. आणि दर सहलीगणिक तोफेचा पल्ला थोडाथोडा वाढत जातो!

प्रश्न वाईट नाही. पण अशी तोफ ज्याला लढाईसाठी विकत घ्यायची असेल त्याचे प्रश्न निराळे असतात. लागोपाठ पन्नास बार काढले तर नळी टिकेल का? पावसाळ्यात दारू सर्द झाली तर काय होईल? ओतणारा कारागीर शेजारी उभा नसताना दुसऱ्या गोलंदाजाला ती चालवता येईल का? आणि अशाच आणखी शंभर तोफा ओतल्या तर त्या सगळ्या हिच्यासारख्याच निघतील का? पहिला प्रश्न प्रात्यक्षिक पाहणाऱ्याचा आहे. बाकीचे प्रश्न खरेदी करणाऱ्याचे आहेत. या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते तुडवायला आपल्या देशात पुष्कळ वर्षे लागतात, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी तक्रारी ऐकू येतात. शास्त्रज्ञ म्हणतात, 'वस्तू तयार आहे, सैन्य घेत नाही.' सैन्य म्हणते, 'वस्तू अजून तयार नाही.' बहुतेक वेळा दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, आणि गोंधळ होतो तो 'तयार' या शब्दाच्या अर्थावरून.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. पुण्याजवळ पाषाण येथे 'एआरडीई' ही संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे 'डीआरडीओ'ची, संस्था आहे. शस्त्रास्त्रांचे आराखडे करणे हे तिचे काम. २०१३ साली या संस्थेच्या पुढाकाराने एका नव्या लांब पल्ल्याच्या तोफेचे काम सुरू झाले. भारत फोर्ज आणि टाटा हे दोन उद्योग त्यात भागीदार होते. ही तोफ 'अटॅग्ज' या नावाने ओळखली जाते. तिच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर, आणि नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट. गुणाकार केलात तर लांबी ८ मीटरांहून थोडी जास्त भरेल. तुमच्या वर्गात ती सरळ मावते का, हे टेप घेऊन जरूर मोजून पाहा.

२६ जानेवारी २०१७ रोजी ही तोफ दिल्लीच्या संचलनात सर्व देशाने पाहिली. त्याच वर्षी राजस्थानात पोखरणच्या चाचण्यांत तिने सुमारे ४८ किलोमीटरांवर गोळा टाकला. एवढ्या पल्ल्याने तोफखान्याच्या जाणकारांनाही नवल वाटले. प्रात्यक्षिक म्हणून याहून अधिक काय हवे? परंतु ३०७ तोफांच्या खरेदीचा करार झाला तो २६ मार्च २०२५ रोजी; तोफा ओढणाऱ्या वाहनांसह किंमत सुमारे ६,९०० कोटी रुपये. संचलनापासून करारापर्यंत आठ वर्षे आणि दोन महिने. २०१७ साली आठवीत असलेला मुलगा तोवर पदवीधर झाला असेल.

या आठ वर्षांत नेमके झाले काय? कागदावरची वाट थोडक्यात अशी असते. सैन्य आपल्याला काय हवे ते लेखी मांडते : पल्ला किती, वजन किती, कोणत्या हवामानात चालली पाहिजे इत्यादी. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद ती गरज मान्य करते. मग कारखानदारांकडून प्रस्ताव, मैदानी चाचण्या, गुणवत्तेची तपासणी, दुरुस्ती-देखभाल कितपत सोपी आहे याची परीक्षा, किंमतीची बोलणी, आणि मोठी रक्कम असेल तर मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची संमती. त्यानंतर करार. वाचतानाच दम लागतो, हे खरे आहे. पण यातली प्रत्येक पायरी निरर्थक आहे असे मात्र समजू नका.

सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणी चालू असताना याच तोफेची नळी फुटली आणि काही माणसे जखमी झाली. चाचण्या थांबल्या, चौकशी झाली, दुरुस्त्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा सुरू झाले. आता विचार करा. २०१७ चा पल्ला पाहून भारावून जाऊन कोणी लगेच शेकडो तोफा मागवल्या असत्या आणि ती नळी एखाद्या सीमेवरच्या ठाण्यात, ऐन लढाईत फुटली असती तर? मग २०१७ चे प्रात्यक्षिक खोटे होते काय? मुळीच नाही. गोळा खरोखरच तेवढा गेला होता. फक्त 'जाऊ शकतो का' या प्रश्नाचे ते उत्तर होते. 'दर वेळी सुखरूप जातो का' हा प्रश्न त्याने सोडवलेला नव्हता.

हा फरक गणिताने फार छान दिसतो. समजा, एखादे यंत्र दर दहा वेळांत सरासरी एकदा दगा देते. असे यंत्र लढाईत कोणीही नेणार नाही. पण पाहुण्यांसमोर ते पाच वेळा चालवून दाखवले तर पाचही वेळा ते बिनबोभाट चालण्याची शक्यता किती? ०.९ ला ०.९ ने पाच वेळांसाठी गुणत जा. उत्तर सुमारे ०.५९. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा हे भिकार यंत्र टाळ्या घेऊन जाईल! वीस वेळा चालवले तर शक्यता ०.१२ वर येते. शंभर वेळा चालवले तर ती जवळजवळ शून्य. उलट बाजूने सांगायचे तर, वीस वेळा काहीही बिघडले नाही एवढ्यावरून दोष शंभरात पंधरापर्यंत असण्याची शंका पुरती मिटत नाही. चाचण्या शेकड्यांनी का करतात, याचे कारण सरकारी हट्ट नसून हा साधा गुणाकार आहे.

शिवाय तोफ पोखरणच्या उन्हात तापते तशी सिक्कीमच्या बर्फात गोठते. तोफेच्या दारूचा स्वभाव असा की ती तापलेली असेल तर भराभर जळते आणि नळीतला दाब वाढतो. गारठलेली असेल तर दाब कमी पडतो आणि गोळा अलीकडे पडतो. तेव्हा एकाच तोफेची परीक्षा दोन्हीकडे घ्यावी लागते. आणि एकाच तोफेची घेऊनही भागत नाही. हे आपल्या शहरात समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथल्या कारखान्यांत ज्यांचे आईवडील काम करतात त्यांनी आज घरी विचारून पाहावे. 'नमुना पास झाला' आणि 'माल पास झाला' या दोन गोष्टींत किती फरक असतो हे ते चटकन सांगतील. पहिला नग कारखान्यातला सर्वांत कसबी माणूस सवडीने, मन लावून करतो. हजारावा नग रात्रपाळीत, झिजलेल्या हत्याराने होतो. गेज लावून पाहिल्यावर तोही पहिल्यासारखाच निघाला तर खरा कारखाना. प्रयोगशाळेतली तोफ म्हणजे पहिला नग. सैनिकाच्या हाती पडते ती मात्र कुठल्या तरी पाळीतली शंभरावी असते.

यावर कोणी म्हणेल, चाचण्या महाग असतात, गोळे महाग असतात. थोड्यांत का भागवू नये? हा प्रयोग अमेरिकेच्या नौदलाने एकदा करून पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पाणबुड्यांचे मुख्य अस्त्र 'मार्क १४' नावाचा टॉर्पेडो होते. शत्रूच्या जहाजाच्या चुंबकत्वाने आपोआप फुटणारी एक गुप्त कळ त्याला बसवलेली होती. या कळीची खऱ्या स्फोटाची चाचणी १९२६ साली दोनदा झाली : एकदा ती फुटली नाही, एकदा फुटली आणि जुनी पाणबुडी बुडाली. दोनांतली एक! तेवढ्यावर समाधान मानले गेले. एका टॉर्पेडोची किंमत दहा हजार डॉलरांच्या घरात. तेव्हा पुढे खरा स्फोट करून पाहण्याऐवजी पाणी भरलेले नकली डोके लावून सराव होत राहिला.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि पाणबुड्यांचे कप्तान रिकाम्या हाताने परत येऊ लागले. वरिष्ठ म्हणत, तुमचा नेम चुकतो. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर एका अधिकाऱ्याने कोळ्याचे जाळे पाण्यात लावून त्यावर टॉर्पेडो सोडले. भोके पाहिली तर टॉर्पेडो ठरल्यापेक्षा सुमारे तीन मीटर खालून जात होते. म्हणजे जहाजाच्या पोटाखालून! कारणे दोन. युद्धातले स्फोटक डोके सरावाच्या नकली डोक्यापेक्षा जड होते. आणि खोली मोजणारे यंत्र टॉर्पेडोच्या अशा भागात बसवले होते की तिथून वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा दाब कमी भरे. बर्नुलीचा सिद्धांत तुम्ही वाचला असेल. दाब कमी म्हणजे आपण वरच आहोत, असे समजून बिचारे यंत्र टॉर्पेडोला आणखी खाली नेई.

हे सुधारले तेव्हा चुंबकी कळीचा दोष उघड झाला. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे नसते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर जुळवलेली कळ दक्षिणेच्या समुद्रात भलत्याच वेळी फुटे किंवा फुटतच नसे. ती काढून टाकली, तर आदळून फुटणारी साधी कळही नादुरुस्त! जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा' पाणबुडीने थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर अगदी काटकोनात नेम धरून एकामागून एक टॉर्पेडो सोडले. ते जहाजावर नुसते आदळत राहिले. कप्तानाने शेवटचा एक तपासणीसाठी राखून परत आणला. मग यारीने उंचावरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले तेव्हा काटकोनात दहांपैकी सात फुटले नाहीत, तिरपे टाकलेले मात्र फुटले. सरळ धडकेत वेग इतक्या एकाएकी थांबे की आतला जड दट्ट्या घर्षणाने वाटेतच अडके. हलक्या धातूचा दट्ट्या बसवताच काम झाले. ज्या चाचणीला पत्रा, यारी आणि एक दुपार पुरली असती, तिच्या अभावी युद्धाची जवळजवळ दोन वर्षे गेली. मला विचाराल तर खर्च वाचवण्याचा याहून महाग मार्ग सापडणे कठीण.

चांगली परीक्षा कशी घ्यावी, याचे उदाहरण आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरच आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाचे केंद्र आहे आणि त्याचे गोळीबाराचे मैदान 'के. के. रेंज' म्हणून ओळखले जाते. तिथे २२ सप्टेंबर २०२० रोजी अर्जुन रणगाड्याच्या नळीतून लेझर किरणाच्या वाटेने जाणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडण्यात आले. त्याने तीन किलोमीटरांवरचे लक्ष्य भेदले. काही दिवसांतच त्याहून दूरचे लक्ष्य भेदून झाले. सामान्य वाचक इथेच खूष होतो. पण २८ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर प्रश्न उलटा विचारला गेला : जवळचे लक्ष्य भेदता येते का? असे क्षेपणास्त्र नळीत मावावे म्हणून आखूड करावे लागते, आणि बाहेर पडल्यावर सावरून वाट धरायला त्याला थोडे अंतर लागते. म्हणून जवळचे लक्ष्य हेच अवघड. तेही भेदले गेले, आणि ऑगस्टमध्ये दोन वेगवेगळ्या अंतरांवर परीक्षा झाली. आपल्याला जिथे नापास होण्याची भीती आहे तोच प्रश्न आधी सोडवायला घ्यावा, याला मी शास्त्रीय वृत्ती म्हणतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. वरचे सगळे वाचून कोणी असे म्हणेल की विलंब झाला तर बरेच झाले, तर ते मला मान्य नाही. १९८६ साली बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. त्यानंतर १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफांचा करार होण्यास २०१६ साल उजाडले. तीस वर्षे! नाशिकजवळ देवळालीला नोव्हेंबर २०१८ मध्ये नव्या तोफा तोफखान्यात समारंभाने दाखल झाल्या, तेव्हा तिथल्या कित्येक जवानांचा जन्म बोफोर्सनंतरचा असेल. मधल्या काळात १९९९ चे कारगिल युद्ध जुन्याच तोफांवर लढले गेले. ही तीस वर्षे काही चाचण्यांनी खाल्लेली नाहीत. ती संशयाने, रद्द झालेल्या निविदांनी आणि टेबलावर पडून राहिलेल्या फायलींनी खाल्ली.

म्हणून मला वाटते की विलंबाचे दोन ढीग वेगळे करावेत. एक ढीग परीक्षेचा. त्याला हात लावू नये. दुसरा ढीग वाट पाहण्याचा; तो निर्दयपणे कापावा. आणि गंमत अशी की दुसरा ढीग पहिल्याला फुगवतो. उन्हाळी चाचणी एप्रिल ते जूनमध्येच होणार, बर्फातली चाचणी हिवाळ्यातच. एखादी सही मेऐवजी जुलैमध्ये झाली तर कागदावर उशीर दोन महिन्यांचा दिसतो, प्रत्यक्षात वर्ष जाते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलांना हे निराळे सांगायला नको. वाफसा चुकला की आठवडा जात नाही, हंगाम जातो. चाचण्यांचे वेळापत्रक ऋतूंप्रमाणे बांधलेले असते, मग सह्यांचे का नसावे?

मागणी लिहिण्याचीही एक रीत हवी. पल्ला वाढवायचा तर जास्त दारू, जास्त दाब. मग नळी जाड, धक्का मोठा आणि गाडा भक्कम. शेवटी तोफ जड होते. 'अटॅग्ज'चे वजन १८ टनांच्या आसपास आहे आणि त्यावर बराच खल झाला. पल्ला सर्वांत लांब हवा आणि तोफ डोंगरात न्यायला हलकी हवी, असे एकाच कागदावर लिहिता येते. न्यूटनचा तिसरा नियम मात्र त्या कागदावर सही करत नाही. यात कशाला किती महत्त्व, हे सैनिक आणि आराखडा करणारा अभियंता यांनी सुरुवातीलाच एकत्र बसून ठरवावे, आणि मग मध्येच बदलू नये.

या बाबतीत 'पिनाक' अग्निबाणांची कथा मला अधिक पसंत आहे. तेही पाषाणच्याच संस्थेचे काम. १९८६ च्या सुमारास सुरू झालेले. वेळ त्यालाही लागला. पण १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर ते प्रत्यक्ष वापरून पाहिले आणि २००० पासून सैन्यात घेतले. एक गाडी ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडते. पहिल्या प्रकाराचा पल्ला ३८ किलोमीटरांच्या आसपास होता. यापेक्षा चांगले होईपर्यंत थांबू, असे कोणी म्हटले नाही. जे होते ते घेतले, आणि वापरता वापरता सुधारत गेले. पुढच्या मार्गदर्शित प्रकारांचा पल्ला जवळपास दुप्पट झाला.

राहिला प्रश्न लहान उद्योजकाचा. सैन्याच्या पुष्कळशा चाचण्या 'विनाखर्च, विनाबांधिलकी' या तत्त्वावर होतात. म्हणजे चाचणीचा खर्च सरकार देत नाही आणि वस्तू पास झाली तरी घेईनच असे वचनही देत नाही. मोठ्या कंपनीला हे परवडते. वाळूजच्या एखाद्या तरुण अभियंत्याने कर्ज काढून टेहळणीचे ड्रोन तयार केले, लडाखच्या थंडीत स्वखर्चाने नेऊन उडवून दाखवले, शाबासकी मिळवली, आणि मग तीन वर्षे काही कळलेच नाही, तर बँकेचा हप्ता शाबासकीने फिटत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या 'आयडेक्स' योजनेत नमुना तयार करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण नमुन्यानंतरच्या चाचण्यांचा खर्चही, निदान पहिली पायरी ओलांडलेल्यांसाठी, सरकारने उचलावा. आणि 'नको' म्हणायचे असेल तर तेही ठराविक मुदतीत, कारणासह, लेखी सांगावे. लवकर मिळालेला नकार हाही उद्योजकाला उपयोगी पडतो. तो दुसऱ्या कामाला लागतो.

शिक्षकमित्रांसाठी एक सूचना. विज्ञान प्रदर्शनात परीक्षक समोर येताच दिवा लागला, पंप चालला, की गुण मिळतात. परीक्षक गेल्यावर तो बंद पडला तरी कोणी विचारत नाही. त्यामुळे मुले सुरुवातीपासून प्रात्यक्षिकाचीच तयारी करायला शिकतात. येत्या प्रदर्शनात गुणपत्रिकेत एक रकाना वाढवून पाहा : हे उपकरण आजवर किती वेळा चालवले, किती वेळा अडले, आणि दर वेळी काय अडले? उत्तर वहीत तारखेसह लिहिलेले असावे. शंभरातले निदान वीस गुण या रकान्याला ठेवावेत, आणि ज्याच्या वहीत एकही अपयश नोंदवलेले नाही त्याला उपकरण परीक्षकाच्या नव्हे, शेजारच्या शाळेतल्या मुलाच्या हातांनी चालवून दाखवायला सांगावे.